आतड्यातल्या जीवाणूंची रसायनं: दीडशे वर्षांची पार्श्वभूमी

बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या मुलीनं ‘आतड्यातले जीवाणू तयार करत असलेली रसायनं आणि माणसाचे आजार’ असा विषय घेतला, तर दांडिया बाजारातल्या मराठी घरात हमखास विचारतात, हे नवीन काय काढलंय? नवीन नाही. 1877 साली जर्मन वैद्यकशास्त्रज्ञ माक्स याफे यांनी दाखवलं होतं, की लहान आतडं अडलं की लघवीत इंडिकन नावाचं द्रव्य वाढतं. प्रथिनांतल्या ट्रिप्टोफॅन या घटकापासून जीवाणू इंडोल करतात, यकृत त्याचं रूप पालटतं आणि मूत्रपिंड ते बाहेर टाकतं. जीवाणू, यकृत, मूत्रपिंड हा आजच्या संशोधनाचा मार्ग तेव्हाच सापडला होता.

पुढे मात्र गाडी भरकटली. पोटात सडलेल्या अन्नाचं विष रक्तात भिनतं आणि त्यातून डोकेदुखीपासून म्हातारपणापर्यंत सगळं होतं, असं मोठमोठे डॉक्टर मानू लागले. लंडनचे शल्यविशारद आर्बथनॉट लेन तर बद्धकोष्ठ असलेल्या रुग्णांचं मोठं आतडंच काढत. 1908 चे नोबेल विजेते मेचनिकॉफ यांनी त्यावर आंबवलेल्या दुधाचा उपाय सुचवला. आपल्याकडे मुलांना अधूनमधून एरंडेल पाजत, त्यामागची समजूतही फार लांबची नव्हती.

1919 साली अमेरिकन डॉक्टर वॉल्टर अल्वारेझ यांनी साधा प्रश्न विचारला: शौच झाल्याबरोबर डोकेदुखी थांबते, मग रक्तात भिनलेलं विष इतक्या चटकन गेलं कसं? प्रश्न बिनतोड होता. पण त्या माऱ्यात अतिशयोक्तीबरोबर मूळ विचारही अडगळीत गेला, आणि हे नुकसान मला फार मोठं वाटतं. टिकला तो एक धागा, यकृताच्या रोगाचा. यकृत निकामी झालेल्या रुग्णाची शुद्ध हरपते, त्याला आतड्यात तयार होणारा अमोनिया बराच कारणीभूत असतो, हे पटत गेलं. 1966 पासून त्यासाठी लॅक्टुलोज हे औषध वापरात आलं, ते आजही देतात. जीवाणूंच्या एका रसायनाचा मेंदूवर होणारा परिणाम आणि त्यावरचं औषध, दोन्ही हाताशी होतं; तरी बाकीच्या आजारांकडे त्या नजरेनं फारसं कुणी पाहिलं नाही.

अडचण साधनांचीही होती. आतड्यातले बहुतेक जीवाणू ऑक्सिजन लागला की मरतात, त्यामुळे नेहमीच्या पद्धतीनं ते वाढवता येत नसत. डीएनए वाचणं स्वस्त झालं आणि मास स्पेक्ट्रोमीटर या रेणूंचं वजन मोजणाऱ्या यंत्रानं रक्तातली शेकडो द्रव्यं एकदम मोजता येऊ लागली, तेव्हा चित्र पालटलं. 2009 साली जंतुविरहित (अंगात जीवाणूच नसलेल्या) आणि साध्या उंदरांच्या रक्ताची तुलना झाली. कितीतरी द्रव्यांच्या प्रमाणात मोठा फरक होता.

2011 साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमधल्या स्टॅन्ली हेझन यांच्या गटानं टीएमएओ (ट्रायमिथाइलअमाईन एन-ऑक्साइड) हे द्रव्य हृदयविकाराशी जोडलं. अंडी-मांसातल्या कोलीन या द्रव्यापासून जीवाणू टीएमए (ट्रायमिथाइलअमाईन) करतात आणि यकृत त्याचं टीएमएओ करतं. 2013 साली त्याच गटानं मांसातल्या कार्निटिनचा अभ्यास केला; त्यापासूनही जीवाणू टीएमए करतात. तेवढंच कार्निटिन देऊनही शाकाहारींच्या रक्तात टीएमएओ मांसाहारींपेक्षा बरंच कमी वाढलं. 2015 साली टीएमए तयार होणं रोखणारं द्रव्य दिल्यावर उंदरांच्या धमन्यांतला थर कमी साचला.

पण मासे खाल्ल्यावरही टीएमएओ झपाट्यानं वाढतं, आणि मासे खाणाऱ्यांना हृदयविकार जास्त होतो असं दिसत नाही. मूत्रपिंड मंदावलं तरी टीएमएओ रक्तात साचतं. म्हणजे रसायनामुळे आजार की आजारामुळे रसायन, हा पेच प्रत्येक अभ्यासात नव्यानं सोडवावा लागतो.

म्हणून बडोद्यासारखं शहर या कामाला मोलाचं आहे. इथे पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी असलेली घरं आहेत, शेजारीच मटण-मासे खाणारीही आहेत. रोजच्या जेवणात ताक आणि डाळ दोन्हींकडे. परदेशी आकडे इथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. विष्ठेचा नमुना उणे 80 अंशांवर ठेवण्याआधी त्या माणसानं गेल्या दोन-तीन दिवसांत काय खाल्लं, अलीकडे प्रतिजैविकं घेतली का, आणि मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय हे सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन किती आहे, हे आधी वहीत उतरायला हवं.