बशीत आखडलेले स्नायू

काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशी बघायला तशा कंटाळवाण्या. तळाला चिकटून बसायचं, एकाच्या दोन व्हायचं, संपलं. १९७७ साली उंदराच्या गर्भातून आलेल्या अशाच साध्या पेशींना संशोधकांनी ५-अ‍ॅझासायटिडीन हे कर्करोगावरचं औषध दिलं. काही दिवसांनी बशी सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर तिथं लांबच लांब नळ्या पसरलेल्या, एकेका नळीत कितीतरी केंद्रकं, आणि त्यातल्या काही चक्क आखडत होत्या. स्नायू! बशीत टाकलेल्या पेशी तर स्नायूच्या नव्हत्याच.

औषधाबरोबर एकही नवं जनुक आत गेलेलं नव्हतं. म्हणजे स्नायू घडवण्याची जनुकं त्या पेशींत आधीपासून होतीच, फक्त गप्प बसवलेली.

आपल्या बहुतेक सगळ्या पेशींत प्रथिनं बनवणारी सुमारे २०,००० जनुकं असतात. दंडात जी, तीच मेंदूत. 'ज्या पेशीला जे लागतं ते ती वापरते' असं आपण शाळेत शिकतो. ते खरं आहे, पण अर्धंच. पेशीची ओळख मला तरी तिला जे करू दिलं जात नाही त्यात जास्त दिसते.

गप्प बसवायचे मुख्य मार्ग दोन. एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे २ मीटर भरतो. तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो, एका रिळावर डीएनएची साधारण १४७ रासायनिक 'अक्षरं'. रिळं दाटीवाटीनं बसली की जनुक वाचणाऱ्या यंत्रणेला आत शिरता येत नाही. हिस्टोनवर अ‍ॅसिटिल गट नावाचे छोटे रासायनिक तुकडे चढले की गुंडाळी सैल पडते. दुसरा मार्ग थेट डीएनएवर, 'सी' या अक्षराला मिथिल गटाची चिमुकली शेपटी जोडण्याचा. जनुकाच्या सुरुवातीला अशा शेपट्यांची गर्दी झाली की ते बहुधा मुकं होतं. पेशीचं विभाजन होताना या खुणा नव्या धाग्यावरही उतरवल्या जातात, म्हणून तर यकृताच्या पेशीतून यकृताचीच पेशी निघते.

त्या औषधाची करामत इथंच आहे. ते दिसतं 'सी'सारखं, पण शेपटी जिथं जोडायची नेमक्या त्या कार्बनच्या जागी त्यात नायट्रोजन असतो. डीएनएची नक्कल करताना पेशी फसते आणि त्यालाच 'सी' म्हणून बसवते. शेपटी जोडायला आलेलं विकर (एन्झाइम) तिथं चिकटून अडकतं, खुणा उतरवायच्या राहून जातात आणि पेशी विभागत जातात तशी जुनी बंदी पुसट होते.

अशा बंदीतून सुटलेल्या जनुकांतलं एक १९८७ साली हॅरॉल्ड वाइन्ट्रॉब यांच्या प्रयोगशाळेनं हुडकून काढलं: मायो-डी. ते एकटं चालू केलं तरी बशीतल्या त्या साध्या पेशी स्नायूच्या वाटेला लागत. त्याचं प्रथिन स्नायूच्या जनुकांपाशी जाऊन बसतं आणि अ‍ॅसिटिल गट चढवणाऱ्या विकरांना बोलावून घेतं. काही प्रकारच्या पेशींनी मात्र मायो-डीलाही दाद दिली नाही.

मेंदूची तऱ्हा वेगळी. १९९५ साली दोन प्रयोगशाळांना 'रेस्ट' नावाचं प्रथिन सापडलं. चेतापेशींच्या खास जनुकांजवळ सुमारे २१ अक्षरांची एक ओळ असते. मेंदूबाहेरच्या पेशींत रेस्ट त्या ओळीवर ठाण मांडतं आणि अ‍ॅसिटिल गट काढून टाकणाऱ्या विकरांना गोळा करतं. चेतापेशी घडताना ते मागे हटतं, आणि मगच ती जनुकं बोलू लागतात.

एकच जनुक दोन्हीकडे लागतं तेव्हा? डिस्ट्रॉफिन या स्नायूपेशींना बळकटी देणाऱ्या प्रथिनाचं जनुक २२ लाख अक्षरांहून लांब आहे. त्याचं वाचन स्नायूत एका जागेपासून सुरू होतं, मेंदूतल्या चेतापेशींत दुसऱ्या. हे जनुक बिघडल्यानं स्नायू झिजत जातात, त्या ड्यूशेन स्नायुविकारात काही मुलांना शिकायलाही जड का जातं, याचं एक कारण या जनुकाच्या मेंदूतल्या कामात आहे.

चेतापेशींत मिथिल खुणा जन्मानंतरही चढत राहतात. त्या ओळखणारं मेकपी२ हे प्रथिन तिथं मुबलक असतं. त्याच्या जनुकातल्या बिघाडामुळे रेट सिंड्रोम होतो, हे १९९९ साली हुडा झोगबी यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं. सुरुवातीला नीट वाढणारी मुलगी शिकलेले शब्द विसरते, हातांचा उपयोग हरवते आणि सतत हात पिळत राहते. तिच्या चेतापेशी मेलेल्या नसतात, हे विशेष. २००७ साली एड्रियन बर्ड यांच्या गटानं हे जनुक बंद ठेवून वाढवलेल्या उंदरांत ते उशिरा पुन्हा चालू केलं. तोवर त्या उंदरांचा श्वास अडखळत होता आणि चाल बिघडली होती. काही तर मरणाच्या दारात होते. काही आठवड्यांत त्यातले बरेचसे जवळजवळ निरोगी उंदरांसारखे वावरू लागले.