विधिमंडळीय प्रश्न आणि शासकीय खर्चाची छाननी (सोलापूर जिल्ह्याच्या संदर्भासह)

शासनाने आखलेले धोरण, त्यासाठी मंजूर झालेला पैसा आणि जागेवर झालेले काम या तिन्हींचा हिशेब लोकप्रतिनिधी सभागृहात व समित्यांमध्ये मंत्र्यांकडे आणि विभागांकडे मागतात. तो मागण्याच्या रीतींचा विचार या नोंदीत केला आहे. संविधानाच्या अनुच्छेद १६४ नुसार राज्याचे मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते. अनुच्छेद २०३ नुसार विभागांच्या अनुदान मागण्यांना संमती देण्याचा, ती नाकारण्याचा किंवा मागितलेली रक्कम कमी करण्याचा अधिकार विधानसभेला आहे. विधान परिषद अर्थसंकल्पावर चर्चा करते, मात्र मागण्यांवर मतदान करीत नाही. प्रश्न विचारण्याचा अधिकार दोन्ही सभागृहांच्या सदस्यांना आहे आणि व्यवहारात रोजची देखरेख प्रामुख्याने प्रश्नांवरच चालते.

हा अधिकार हप्त्याहप्त्याने मिळाला. १८६१ च्या कायद्याने स्थापन झालेल्या कौन्सिलांना प्रश्न विचारण्याची मुभा नव्हती. १८९२ च्या कायद्याने पूर्वसूचना देऊन प्रश्न विचारण्याची आणि अर्थसंकल्पावर मतदानाविना चर्चा करण्याची सवलत दिली. १९०९ मध्ये मूळ प्रश्नकर्त्याला आणि १९१९ च्या सुधारणांनंतर इतर सदस्यांनाही उपप्रश्न विचारता येऊ लागले. गोपाळ कृष्ण गोखले यांची केंद्रीय कौन्सिलातील अर्थसंकल्पीय भाषणे मतदानाचा हक्क नसतानाच्या काळातली आहेत. आकडे हाताशी असले की मत नसतानाही सरकारला उत्तर द्यावे लागते, हे त्यांतून दिसले.

विधानसभेच्या २८८ जागांपैकी ११ जागा सोलापूर जिल्ह्यात आहेत: करमाळा, माढा, बार्शी, मोहोळ, सोलापूर शहर उत्तर, सोलापूर शहर मध्य, अक्कलकोट, सोलापूर दक्षिण, पंढरपूर, सांगोला आणि माळशिरस. अर्थसंकल्पी व पावसाळी अधिवेशने मुंबईत आणि हिवाळी अधिवेशन प्रथेने नागपुरात भरते. अधिवेशन जवळ आले की जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद व महापालिकेतील कर्मचाऱ्यांच्या तोंडी ‘एलएक्यू’ (लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन, म्हणजे विधानसभा प्रश्न) हा शब्द येऊ लागतो. विधिमंडळ सचिवालयाने स्वीकारलेला प्रश्न मंत्रालयातील संबंधित विभागाच्या कार्यासनाकडे जातो आणि तेथून माहितीसाठी जिल्ह्याकडे येतो. खालून वर गेलेली माहिती कक्ष अधिकाऱ्यापासून सचिवापर्यंत तपासली जाते आणि मंत्र्याच्या मान्यतेनंतर छापील उत्तराचे रूप घेते. सभागृहात उभा राहतो मंत्री, पण त्याच्या उत्तरातील पहिला मसुदा बहुधा तालुक्यातील एखाद्या उपअभियंत्याचा किंवा गटविकास अधिकाऱ्याचा असतो. ज्याच्या कामाविषयी प्रश्न आहे त्याच्याकडूनच उत्तराची सामग्री यावी, हा या पद्धतीचा मूळचा कमकुवतपणा आहे.

तारांकित प्रश्नाचे उत्तर सभागृहात दिले जाते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात, तर अतारांकित प्रश्नाला केवळ लेखी उत्तर मिळते. तातडीच्या सार्वजनिक बाबीसाठी अल्पसूचना प्रश्न असतो. आधीच्या उत्तराने समाधान झाले नाही तर अर्ध्या तासाची चर्चा मागता येते. आमदारांना सर्वांत प्रिय आहे ती लक्षवेधी सूचना. तिच्यावर मंत्र्याला निवेदन करावे लागते आणि मतदारसंघातील वृत्तपत्रांत दुसऱ्या दिवशी तिची बातमी होते, हेही या प्रियतेचे एक कारण आहे.

महाराष्ट्रातील छापील प्रश्नाला ठरीव बांधणी आहे. पहिल्या भागात एखादी वस्तुस्थिती मांडून ‘हे खरे आहे काय’ असे विचारले जाते. पुढे ‘असल्यास’ चौकशी केली आहे काय, चौकशीत काय आढळून आले आणि त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, असे भाग येतात; शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’ हा भाग असतो. उत्तरेही तितकीच ठरीव असतात: ‘होय, हे खरे आहे’, ‘हे अंशतः खरे आहे’, ‘हे खरे नाही’, ‘प्रश्न उद्भवत नाही’. यांतील ‘अंशतः खरे’ हे उत्तर सर्वांत काळजीपूर्वक वाचावे लागते, कारण कोणता अंश खरा हे पुढील मजकुरात दडलेले असते. पहिल्या भागातील एखादी तारीख, गावाचे नाव किंवा रक्कम चुकली, तर विभागाला ‘हे खरे नाही’ असे शब्दशः खरे उत्तर देता येते आणि पुढचे सर्व भाग आपोआप गळून पडतात. म्हणून जाणकार आमदार व त्यांचे स्वीय सहायक प्रश्नात आरोप मांडण्यापेक्षा शासन निर्णयाचा दिनांक, लेखाशीर्ष (खर्च ज्या सदराखाली पडतो ते), कार्यारंभ आदेशाची तारीख आणि मार्चअखेर झालेला खर्च विचारतात. असा प्रश्न प्रेक्षकांच्या दृष्टीने रुक्ष असतो, पण त्याला बगल देणे विभागाला अवघड जाते.

सोलापूरचा पाणीप्रश्न या यंत्रणेतील दुसरी अडचण दाखवतो. भीमा नदीवरील उजनी धरणाची एकूण साठवण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) असून तिच्यातील निम्म्याहून अधिक साठा मृत, म्हणजे दरवाजांच्या पातळीखालचा आहे. त्यामुळेच उन्हाळ्यात धरण ‘मायनसमध्ये’ गेल्याची भाषा जिल्ह्यात ऐकू येते. धरण, कालवे आणि आवर्तने जलसंपदा विभागाकडे आहेत. शहरातील पाणीपुरवठा महापालिकेकडे, म्हणून सभागृहात नगरविकास विभागाकडे येतो. गावांच्या नळयोजना पाणीपुरवठा व स्वच्छता विभागाच्या, लहान बंधारे व पाझर तलाव मृद व जलसंधारण विभागाचे, तर टंचाईतील टँकरचा विषय आणखी वेगळ्या शीर्षाखाली जातो. सोलापूर शहरासाठी भीमेच्या पात्रात पाणी सोडून औज बंधारा भरून घेण्याच्या पद्धतीत शहराच्या गरजेच्या कितीतरी पट पाणी नदीत सोडावे लागते. या नासाडीला जबाबदार कोण, असे विचारल्यास जलसंपदा विभाग शहराच्या मागणीकडे आणि नगरविकास विभाग धरणाच्या नियोजनाकडे बोट दाखवू शकतो. उजनी ते सोलापूर समांतर जलवाहिनी हा त्यावरचा उपाय होता. तिच्यासाठी केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेचा आणि एनटीपीसी या केंद्राच्या वीज कंपनीचाही पैसा आला. सोलापूरची निवड जानेवारी २०१६ मध्ये जाहीर झालेल्या पहिल्या वीस शहरांत झाली होती. स्मार्ट सिटी योजना स्वतंत्र कंपनीमार्फत राबवली गेल्याने केंद्र, राज्य, महापालिका आणि कंपनी अशा चार ठिकाणी उत्तरदायित्व वाटले गेले. पैसा अनेक वाटांनी आला की एकाच सभागृहात त्याचा पूर्ण हिशेब मिळणे दुरापास्त होते.

महापालिकेच्या खर्चावरची पहिली चौकशी खरे तर स्थायी समितीत आणि महासभेत व्हायची असते. सोलापूर महापालिका व जिल्हा परिषद या दोन्हींची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तेथे प्रशासक आले. नगरसेवक व जिल्हा परिषद सदस्य नसल्याने जे प्रश्न प्रभागात किंवा गटात विचारले गेले असते ते विचारण्यासाठी विधिमंडळ हेच व्यासपीठ उरले. पेठेतील ड्रेनेज किंवा काही दिवसांआड येणारे पाणी यांवर मंत्र्याने मुंबईत उत्तर देणे वरकरणी लोकशाहीचे लक्षण वाटते, पण राज्यस्तरीय सभागृहाचा वेळ त्यात जातो आणि धोरणाचा प्रश्न मागे राहतो.

पंढरपूरचे उदाहरण याहून गमतीचे आहे. मंदिर समितीचा कारभार १९७३ च्या पंढरपूर मंदिरे अधिनियमाखाली चालत असल्याने तिच्याविषयीचा प्रश्न विधी व न्याय विभागाकडे जातो. चंद्रभागेत मिसळणाऱ्या सांडपाण्याचा प्रश्न नगरविकास किंवा पर्यावरण विभागाचा ठरतो आणि पालखी मार्गाचा राष्ट्रीय महामार्ग झालेला भाग केंद्राकडे जातो. पावसाळी अधिवेशन आणि आषाढी वारी अनेकदा एकाच सुमारास येत असल्याने या विषयांना सभागृहात हमखास जागा मिळते. कार्तिकीनंतर मात्र तोच उत्साह क्वचित टिकतो.

खर्चाच्या संदर्भात सर्वांत महत्त्वाचा टप्पा मंजुरीपूर्वीचा, आणि नेमका तोच सर्वांत दुबळा आहे. मार्चमध्ये अर्थसंकल्प मांडल्यावर विभागनिहाय मागण्या चर्चेला येतात. सदस्य कपात सूचना देतात. त्यांचे तत्त्वतः प्रकार तीन: धोरणाला विरोध म्हणून मागणी एक रुपयावर आणण्याची, काटकसरीसाठी विशिष्ट रक्कम कमी करण्याची, आणि एखाद्या गाऱ्हाण्याकडे लक्ष वेधण्यासाठी नाममात्र रक्कम कापण्याची. व्यवहारात बहुतेक सूचना तिसऱ्या प्रकारच्या असतात आणि त्यांतून रस्ता, आरोग्य केंद्र किंवा वीज उपकेंद्र मागितले जाते, म्हणजे कपातीच्या नावाखाली वाढीव खर्चच मागितला जातो. सूचना संमत होणे हा सरकारवरील अविश्वास मानला जात असल्याने सत्ताधारी बाजू ती कधी संमत होऊ देत नाही. चर्चेची मुदत संपली की उरलेल्या मागण्या चर्चेविना मताला टाकल्या जातात. अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चासाठी अनुच्छेद २०५ खाली मांडल्या जाणाऱ्या पुरवणी मागण्या तर जवळजवळ प्रत्येक अधिवेशनात येतात आणि त्यांची छाननी मूळ अर्थसंकल्पाहूनही घाईत होते. याउलट संसदेत १९९३ पासून विभागांशी निगडित स्थायी समित्या मागण्यांची आधी तपासणी करतात. त्यांची संख्या आता २४ आहे.

खर्च झाल्यानंतरची तपासणी त्या मानाने धारदार आहे. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे राज्याविषयीचे अहवाल अनुच्छेद १५१ नुसार राज्यपालांना सादर होऊन विधिमंडळाच्या पटलावर ठेवले जातात आणि आमदारांची लोकलेखा समिती त्यांतील परिच्छेदांवर विभागाच्या सचिवांची साक्ष घेते. समितीपुढे मंत्र्याला बोलावले जात नाही, त्यामुळे पक्षीय खडाखडी कमी होऊन कागदपत्रांवर बोलणे होते. सोलापुरात अधिक परिचित आहे ती पंचायती राज समिती. ‘पीआरसी’ येणार म्हटल्यावर जिल्हा परिषदेत जुन्या लेखाआक्षेपांच्या फायली निघतात, शाळांना रंग लागतो आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांतील साठा नोंदवह्या अद्ययावत होतात. समितीचे आमदार मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना व खातेप्रमुखांना स्थानिक निधी लेखापरीक्षणातील परिच्छेद एकेक करून विचारतात, तालुक्यांत अचानक भेटी देतात आणि नंतर मुंबईत सचिवांची साक्ष लावतात. अहवाल येईपर्यंत अनेकदा वर्षे उलटलेली असतात आणि ज्या अधिकाऱ्याच्या काळातील खर्च होता तो बदलून किंवा निवृत्त होऊन गेलेला असतो. तरीही दौऱ्याच्या धाकाने जे आक्षेप आधीच निकाली निघतात, ते या समितीचे खरे फलित मानावे लागेल.

उपसा सिंचन योजनांमध्ये धोरण आणि खर्च एकमेकांत किती गुंततात हे दिसते. सीना-माढा, बार्शी, दहिगाव, एकरुख, मंगळवेढा या योजनांची नावे जिल्ह्यातील आमदारांच्या प्रश्नांत वर्षानुवर्षे आढळतात आणि त्यांच्याबरोबर ‘सुप्रमा’, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता, हा शब्दही येतो. काम रेंगाळते, दर वाढतात, सुप्रमा घ्यावी लागते, ती मिळेपर्यंत निधी थांबतो आणि काम आणखी रेंगाळते. २०११-१२ च्या राज्य आर्थिक पाहणीतील आकड्यांवरून, दहा वर्षांत सुमारे ७० हजार कोटी रुपये खर्चूनही सिंचनक्षेत्र केवळ ०.१ टक्का वाढले, अशी टीका झाली आणि २०१२ मध्ये सरकारला सिंचनावर श्वेतपत्रिका काढावी लागली. सरकारच्याच पुस्तिकेतील एक आकडा कोणत्याही भाषणापेक्षा जड ठरला. याउलट २०२१ च्या एप्रिलमध्ये उजनीचे पाच टीएमसी पाणी इंदापूर तालुक्याकडे वळवण्याचा आदेश निघाला तेव्हा अधिवेशन चालू नव्हते. सोलापूर जिल्ह्यात आंदोलने झाली आणि पुढच्याच महिन्यात आदेश रद्द झाला. अधिवेशनाबाहेर निघणाऱ्या आदेशांपुढे प्रश्नाचे साधन उशिराच पोहोचते.

सांगोल्याचे गणपतराव देशमुख १९६२ मध्ये प्रथम निवडून आले आणि १९७२ व १९९५ मधील पराभव वगळता २०१९ पर्यंत, एकूण अकरा वेळा, विधानसभेचे सदस्य राहिले. शेतकरी कामगार पक्षाचे हे सदस्य बहुतेक काळ विरोधी बाकांवर होते आणि दुष्काळ, रोजगार हमी व सिंचन हे त्यांचे जिव्हाळ्याचे विषय होते. एकाच विषयाचा दशकानुदशके पाठपुरावा करणाऱ्या सदस्याला मागील उत्तरे पाठ असतात आणि विभागाला आपलेच जुने शब्द ऐकावे लागतात. जिल्ह्याने दुसऱ्या बाजूचा अनुभवही घेतला आहे, कारण राज्याचे अर्थमंत्री म्हणून मागण्यांचे समर्थन करणारे सुशीलकुमार शिंदे सोलापूरचेच.

मंत्री सभागृहात ‘चौकशी करू’, ‘तीन महिन्यांत काम पूर्ण करू’ असे म्हणतो तेव्हा ते शब्द आश्वासन म्हणून नोंदले जातात आणि आश्वासन समिती त्यांची पूर्तता तपासते. प्रश्नकर्त्याने पुढच्या अधिवेशनात ते आश्वासन उकरून काढले नाही, तर समितीच्या यादीत ते बराच काळ पडून राहू शकते.

रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग, विमानसेवा, एनटीपीसीचा प्रकल्प हे विषय राज्याच्या अखत्यारीत नाहीत. त्यांवरील प्रश्न लोकसभेत किंवा राज्यसभेत विचारावे लागतात. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात व तारांकित प्रश्नांची निवड सोडतीने होते. सोलापूर जिल्हा लोकसभेच्या दृष्टीने तीन मतदारसंघांत विभागला आहे: सोलापूर, माढा आणि बार्शीपुरता धाराशिव. माढ्यात सातारा जिल्ह्यातील फलटण व माण हे भागही येतात. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्गाविषयी विचारायचे झाल्यास दोन वेगळ्या जिल्ह्यांच्या खासदारांना एकच विषय स्वतंत्रपणे मांडता येतो, पण त्याच मार्गाच्या भूसंपादनातील मोबदल्याची तक्रार जिल्हा प्रशासनाशी संबंधित असल्याने ती विधानसभेतील महसूल विभागाच्या प्रश्नांत येते.