सुरांना वाळवी नाही, शाईच खाते

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्या गावच्या भजनी मंडळाची जुनी वही माळ्यावरून काढली, हार्मोनियमचे सा रे ग म हातानं लिहिलेली. काही अक्षरं तपकिरी झालेली आणि जिथं शाई जाड बसली तिथं कागद ठिसूळ, बोट लावलं की तुकडा पडते. सगळे म्हणे वाळवी लागली. पण वाळवीला काय माहीत कुठं सूर लिहिलाय आणि कुठं कोरा कागद आहे?

हाच प्रकार बर्लिनच्या सरकारी ग्रंथालयात बाखच्या हस्तलिखितांचा झाला. बाख हा जर्मन संगीतकार, १७५० साली वारला. युरोपात सूर लिहितात ते पाच रेघांवर काळे ठिपके भरून, आणि ठिपका म्हणजे शाईचा थेंबच, म्हणून रेघा शाबूत राहतात पण सुराच्या जागी भोक पडते.

काहून, ते सांगतो, मला यातलं हेच सगळ्यात आवडते. लोखंडी कढईत आवळा शिजवला की काळा पडतो ना, तीच ही शाई! आवळ्यात, हिरड्यात टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असते, ते लोखंडाला भेटलं की काळा रंग तयार होतो. तिकडं मायफळ वापरायचे, हो, बाळगुटीत उगाळतो तेच, ओकच्या झाडावर किड्यामुळं येणारी गाठ, त्यात हिराकस आणि बाभळीचा डिंक. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, त्यामुळं शाई बनताना गंधकाचं आम्लही तयार होते आणि ते कागदातल्या सेल्युलोजच्या लांब साखळ्या तोडते. वरून हिराकस जास्त पडला असेल तर टॅनिनशी न जुळलेलं मोकळं लोह उरते, हवेतल्या ऑक्सिजनशी त्याची क्रिया होऊन हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचे फार चळवळे कण तयार होतात आणि तेही साखळ्या कापतात, लोह मात्र संपत नाही, फेरस आणि फेरिक या आपल्या दोन रूपांत फिरत राहते. पावसाळ्यातली ओल हे काम आणखी वाढवते.

उपाय काय, तर कॅल्शियम फायटेट. फायटेट म्हणजे ज्वारी-गव्हाच्या कोंड्यात असते ते, जे पोटात अन्नातलं लोह धरून ठेवते म्हणून डॉक्टर धान्य भिजवून, मोड आणून खायला सांगतात. कागदातही ते मोकळं लोह पकडते, मग कॅल्शियम बायकार्बोनेटनं आम्ल मारतात. बाखची काही पानं तर चक्क जाडीतून चिरून दोन पापुद्रे केले, मधे मजबूत पातळ कागद घातला आणि पुन्हा चिकटवले.

आपल्याकडच्या काजळाच्या शाईत कार्बन, तो कागद खात नाही. पण म्हणून पूर्वजांची शाई अमर होती असे जे मेसेज फिरतात ते खरे नाहीत, कारण ओल आणि कसर तिलाही सोडत नाही. आणि वहीची पूजा करायची तर दुरून करा, हळदकुंकू आणि पाण्याचे शिंतोडे पानावर पडले की आपणच तिचं आयुष्य कमी करतो. आमची वही लॅमिनेट करू दिली नाही मी. पानापानाचे फोटो काढले आणि सुती कापडात गुंडाळून कोरड्या कपाटात ठेवली.