विशेषण कोणाचे? नाम आणि विशेषण या संज्ञांची पार्श्वभूमी

नागपुरातील अनेक शाळांत मुले एकाच दिवशी दोन व्याकरणे शिकतात. मराठीच्या तासाला ‘नागपूर’ हे विशेषनाम असते आणि हिंदीच्या तासाला तोच शब्द व्यक्तिवाचक संज्ञा होतो. मराठीत तीन लिंगे मोजायची आणि हिंदीत दोन. ‘विशेषण’ हा शब्द मात्र दोन्ही वह्यांत सारखाच लिहिला जातो, आणि त्यामुळे तो दोन्हीकडे सोपा आहे असा समज होतो. माझ्या अनुभवात मुलांचा सर्वाधिक गोंधळ याच शब्दापाशी होतो. त्याचे कारण शब्दाच्या इतिहासात आहे.

वैदिक शब्दांचा उलगडा करणाऱ्या निरुक्त या प्राचीन ग्रंथात यास्काने पदांच्या चार जाती सांगितल्या: नाम, आख्यात (क्रियापद), उपसर्ग आणि निपात (अव्यये). त्यांत विशेषण ही स्वतंत्र जात नाही. पाणिनीनेही ‘सुप्तिङन्तं पदम्’ या सूत्रात पदांचे दोनच प्रकार केले. विभक्तीचे प्रत्यय घेणारे सुबन्त आणि क्रियापदाचे प्रत्यय घेणारे तिङन्त. ‘सुन्दर’ आणि ‘बालक’ हे दोन्ही शब्द सारखेच प्रत्यय घेतात, तेव्हा रूपाच्या दृष्टीने त्यांना वेगळ्या जातींत बसवण्याचे कारणच नव्हते.

मग ‘विशेषण’ आले कुठून? ते पाणिनीकडूनच आले, परंतु समासाच्या प्रकरणातून. ‘विशेषणं विशेष्येण बहुलम्’ या सूत्रात हे दोन शब्द जोडीने येतात आणि दोन पदांमधील नाते सांगतात: जे दुसऱ्याला वेगळे करून दाखवते ते विशेषण, आणि जे वेगळे करून दाखवले जाते ते विशेष्य. या सूत्रावरील, पतंजलीने पाणिनीच्या सूत्रांवर लिहिलेल्या महाभाष्यातली चर्चा मला आजही वर्गात सांगावीशी वाटते. ‘कृष्णतिल’ या समासात काळेपणा तिळांना इतर तिळांपासून वेगळे करतो हे खरे; पण तीळ हा शब्दही काळ्या वस्तूंमधून एक वस्तू वेगळी काढतो, मग विशेषण नेमके कोणते, असा प्रश्न तिथे उपस्थित होतो. द्रव्य प्रधान आणि गुण गौण, या विचाराने त्याचा निर्णय लावला जातो. म्हणजे विशेषण असणे ही शब्दाची कायमची जात नसून वाक्यात किंवा समासात त्याने केलेले काम आहे, ही जाणीव त्या काळी स्पष्ट होती.

युरोपातही फार वेगळे नव्हते. लॅटिन व्याकरणात विशेषण हा नामाचाच एक पोटप्रकार मानला जाई, आणि इंग्रजी व्याकरणांत ती स्वतंत्र शब्दजात म्हणून अठराव्या शतकाच्या सुमारास स्थिर झाली. मराठीची आधुनिक व्याकरणे त्यानंतर लगेचच लिहिली जाऊ लागली. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण 1805 मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरहून (सेरामपूर) निघाले. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ 1836 मध्ये प्रसिद्ध झाले. दादोबांनी संज्ञा संस्कृतातून घेतल्या, पण मांडणी बरीचशी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर केली. पुढे शाळांत रुळलेल्या आठ शब्दजातींमध्ये विशेषण हा नाम आणि सर्वनाम यांच्या शेजारचा स्वतंत्र कप्पा झाला. नात्याचे नाव अशा रीतीने जातीचे नाव बनले आणि ‘विशेष्य’ हा त्याचा जोडीदार व्याख्येपुरता मागे उरला.

या बदलाला मराठी भाषेनेही आधार दिला होता, हे मान्य केले पाहिजे. पसायदानात ‘आतां विश्वात्मकें देवें । येणें वाग्यज्ञें तोषावें’ असे म्हणताना विशेषण आणि विशेष्य दोघांनाही तृतीयेचे रूप आहे. आज आपण ‘विश्वात्मक देवाने या वाग्यज्ञाने’ असे म्हणतो. प्रत्यय फक्त नामाला लागतो. ‘चांगला’, ‘मोठा’ यांसारखी आकारान्त विशेषणे लिंग-वचन दाखवतात आणि नामाला प्रत्यय लागताना सामान्यरूपात ‘चांगल्या’, ‘मोठ्या’ होतात. ‘लाल’, ‘गोड’, ‘सुंदर’ ही तर मुळीच बदलत नाहीत. ‘मोठे संत्रे’, ‘मोठी संत्री’, ‘मोठ्या संत्र्यांचा रस’ आणि शेवटी ‘गोड संत्र्यांचा रस’ ही उदाहरणे फळ्यावर लिहिली की, आजचे मराठी विशेषण नामापासून किती दूर गेले आहे आणि तरीही किती जखडलेले आहे, ते नागपूरच्या मुलांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

खरी अडचण येते ती षष्ठीपाशी. ‘मुलाचा चेंडू, मुलाची वही, मुलाचे पुस्तक’ यांत ‘मुलाचा’ हे रूप अगदी ‘चांगला’सारखे बदलते आणि पुढच्या नामाला वेगळे करून दाखवते. शब्दजातीच्या कप्प्यात ते नाम आहे. काम मात्र विशेषणाचे करते. संस्कृत व्याकरणात षष्ठी हे कारक, म्हणजे नामाचे क्रियेशी असलेले नाते, नाही, कारण तिचा संबंध क्रियेशी नसून दुसऱ्या नामाशी असतो. हिंदीच्या शालेय व्याकरणात मात्र ‘का, की, के’ यांना ‘संबंध कारक’ म्हणतात. म्हणजे एकच रूप मराठीच्या वहीत विभक्ती, हिंदीच्या वहीत कारक, आणि कामाच्या दृष्टीने विशेषण ठरते.

या दोन वह्यांचा एकमेकींशी जुना संबंधही आहे. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि 1920 मध्ये आलेल्या आपल्या ‘हिन्दी व्याकरण’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत कामताप्रसाद गुरू यांनी दामल्यांच्या ग्रंथाचे ऋण मोकळेपणाने मान्य केले. गुरू मध्य प्रांताचे, आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भ मुंबई राज्यात येईपर्यंत हे शहर हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषांच्या राज्यकारभाराचे केंद्र होते. त्यामुळे दोन भाषांच्या संज्ञांची सरमिसळ हा इथल्या मुलांचा दोष मानणे मला अन्यायाचे वाटते.

म्हणून वर्गात मी ‘हा शब्द विशेषण आहे का?’ असे विचारण्याचे सोडले आहे. ‘हे कोणाचे विशेषण?’ असे विचारते आणि मुलांना शब्दापासून विशेष्यापर्यंत बाण काढायला सांगते. ‘नागपूरचा उन्हाळा’ लिहून दिला, तेव्हा सहावीतल्या एका मुलीने ‘नागपूरचा’पासून ‘उन्हाळा’पर्यंत बाण काढला आणि खाली लिहिले, ‘नाम आहे, पण इथे विशेषणाचे काम करते.’