वजनदार मुलांचेच दात तुटतात?

नागपूरच्या शाळांमध्ये अजूनही ऐकू येतं: जाड मूल धपकन पडतं, म्हणून त्याचेच दात तुटतात. हे खरं मानायला आधार नाही. वजन आणि दातांची दुखापत यांचा संबंध शोधणाऱ्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. पक्का धोका वेगळाच आहे. वरचे पुढचे दात खालच्यांपेक्षा ३ मिलिमीटरहून जास्त पुढे असतील आणि ओठ ते झाकत नसतील, तर आपटताना मार थेट दातावर बसतो. मग मूल किडकिडीत का असेना! म्हणून वजनावरून मुलाला खेळातून बाजूला बसवू नका, त्याचे दात तपासून घ्या.

कायमचा दात मुळासकट निघाला, तर तो कागदात गुंडाळून आणण्याची चूक फार होते. मुळावरच्या पेशी कोरड्या पडून मरतात. दात वरच्या पांढऱ्या भागाने धरा, मुळाला हात लावू नका. मळला असेल तर थंड दुधाने किंवा वाहत्या पाण्याने हलकेच धुवा, घासू नका. लगेच खोबणीत बसवून मुलाला स्वच्छ रुमालावर चावायला सांगा. बसवणं जमलं नाही तर दात थंड दुधात ठेवा, साध्या पाण्यात नको. दवाखाना लगेच गाठा. नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, परिसरात शासकीय दंत महाविद्यालय आहे. कोरडा दात तासाभरानंतर क्वचितच पूर्ववत जगतो. दुधाचा दात मात्र परत बसवू नका, हिरडीच्या आत वाढणाऱ्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते.