दोरा कापायच्या आधी मशीनला थांबायला शिकावं लागलं

हल्ली गारमेंट युनिटमधे मशीनचं पेडल टाचेने मागे दाबलं की कट्ट आवाज येतो, खालचा वरचा दोन्ही दोरे कापले जातात, सुई वर येऊन थांबते आणि बऱ्याच मशीनमधे कापड दाबून धरणारं फूटपण आपोआप उचललं जातं. हे इतकं सवयीचं झालंय की इथवर यायला किती वर्षं गेली ते कोणाच्या लक्षातच येत नाही.

टाक्याचा प्रश्न फार लवकर सुटला होता. फ्रान्समधल्या बार्थेलेमी थिमोनिएने १८३० ला पेटंट घेतलं, पॅरिसमधे ८० मशीनवर सैन्याचे कपडे शिवायचा कारखाना निघाला, आणि पुढच्याच वर्षी पोटावर पाय येणार म्हणून शिंप्यांनीच तो फोडला. मग अमेरिकेत एलियास होचं १८४६ चं पेटंट, सिंगरचं १८५१ चं मशीन. या दोघांचा, एक दोरा सुईतून एक खालून, हा टाका आजही तोच आहे.

गंमत अशी की ऑटोमॅटिक काम आधी आलं ते काजात. बोस्टनच्या जॉन रीसने १८८० च्या दशकात काजाचं मशीन आणलं. काज छोटं असतं, कापड एका जागी धरून ठेवता येतं, मग सुई कुठे जायची ते कॅम, म्हणजे ठरलेल्या आकाराची फिरती चकती, ठरवतो आणि चक्कर पूर्ण झाली की मशीन थांबतं. पण बाहीची किंवा कॉलरची शिलाई घ्या, तिथे कापड सतत सरकतं, मऊ असतं, ताणलं की वाढतं, ते हातानेच वळवावं लागतं. म्हणून तिथे ऑटोमेशन शिरलं ते शिलाईच्या दोन टोकांना, सुरुवातीला आणि शेवटी, मधली शिलाई माणसाकडेच राहिली.

आणि शेवट करायचा तर थांबणं आलं! जुन्या मशीनची क्लच मोटर चालू केली की दिवसभर फिरतच राहते, पाय दाबला की क्लच लागून मशीन फिरतं, सोडला की मशीन कुठेतरी थांबतं, सुई वर की खाली ते नशीब. त्यामुळे कारागिराचा उजवा हात दर वेळी चाकाकडे जायचा, सुई वर घ्या, कापड ओढा, कात्री उचला, दोरा कापा. दिवसात शेकडो वेळा. दोरा कापणारी सुरी प्लेटखाली बॉबिनजवळ बसवायची तर सुई नेमक्या जागी असताना ती फिरली पाहिजे, नाहीतर वरचं टोक आखूड राहतं आणि पुढच्या टाक्याला दोरा सुईतून निसटतो. म्हणून आधी चाकावर सुईची जागा सांगणारा भाग आला, मोटरला इलेक्ट्रिक क्लच आणि ब्रेक आले. अशा मोटरींमधे जर्मनीतली एफका हे मोठं नाव. जपानच्या जुकीने १९६९ ला ऑटोमॅटिक दोरा कापणारं मशीन आणलं. माझ्या मते या धंद्यातली टाक्यानंतरची सगळ्यात मोठी सुधारणा हीच, आणि तिचं श्रेय सुरीपेक्षा ब्रेकला जास्त आहे.

एकदा सुई सांगितलेल्या जागी थांबायला लागली की बाकीचं पटापट जमलं. कोपऱ्यावर सुई खाली ठेवून कापड वळवणं, सुरुवातीला नि शेवटी मोजून उलटे टाके, ठरलेल्या टाक्यांनंतर थांबणं. पुढे सर्व्हो मोटर आली, ती पाय दाबला तरच फिरते म्हणून वीज वाचते, आणि डायरेक्ट ड्राइव्हमधे तर मोटर थेट शाफ्टवरच, पट्टाच गेला.

मधली शिलाईपण मशीनकडे द्यायचे प्रयत्न झालेच, जपानमधे १९८० च्या दशकात सरकारी पैशावर मोठा प्रकल्प चालला, आणि २०१६ मधे अमेरिकेतल्या सोबो (Sewbo) या कंपनीने कापड पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थाने कडक करून रोबोकडून टीशर्ट शिवून घेतला.

आपल्याकडे असं मशीन कुठल्याही कंपनीचं असलं तरी अनेक जण त्याला जुकीच म्हणतात. मशीनवर दोरा कापला गेला तरी ओव्हरलॉकची, म्हणजे कापडाच्या कडेला घातलेल्या शिलाईची, लोंबणारी टोकं राहतातच, ती कापायला अजूनही बायका ढिगाजवळ छोटी कटर घेऊन बसलेल्या असतात, आणि त्या कामाला धागा कटिंग म्हणतात.