उसना विखार

नदीमुखांच्या निमखाऱ्या पाण्यात कॉलऱ्याचा जिवाणू माणसावाचून सुखाने राहतो. चिमुकल्या कवचधारी प्राण्यांना चिकटायचं आणि त्यांच्या कवचातलं कायटिन पचवायचं, एवढ्यावर त्याचं भागतं. बाह्य आवरणातल्या शर्करांवरून या एकाच जातीचे दोनशेहून अधिक गट पाडलेले आहेत. मोठ्या साथी मात्र आणल्या त्या त्यांतल्या दोघांनीच, ओ-१ आणि ओ-१३९ यांनी. जात एक, पाणी एक, मग हा भेद आला कुठून?

जंतुशास्त्राच्या सुरुवातीच्या दिवसांत हा प्रश्न विचारणंच अवघड होतं. अमुक रोग अमुक जंतूमुळेच होतो, हे रॉबर्ट कॉखच्या पिढीला सिद्ध करायचं होतं, आणि त्यासाठी जंतूचा स्वभाव ठाम धरणं भाग होतं. घटसर्पाचा जंतू म्हणजे घटसर्प करणारा जंतू, विषय संपला.

पहिला तडा १९२८ मध्ये गेला. लंडनमध्ये फ्रेडरिक ग्रिफिथ न्यूमोनियाच्या जंतूंवर काम करत होते. या जंतूचा एक प्रकार शर्करेचं वेष्टण पांघरलेला, उंदराला हमखास मारणारा. दुसरा वेष्टण गमावलेला, निरुपद्रवी. ग्रिफिथ यांनी उष्णतेने मारलेले वेष्टणवाले आणि जिवंत वेष्टणहीन जंतू एकत्र टोचले. उंदीर मेले, आणि त्यांच्या रक्तात जिवंत वेष्टणवाले जंतू सापडले. मेलेल्यांची विद्या जिवंतांनी उचलली होती. ती विद्या डीएनएत असते, हे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत ॲव्हरी, मॅक्लाउड आणि मॅकार्टी यांनी १९४४ मध्ये दाखवलं. ग्रिफिथ तोवर १९४१ च्या बॉम्बवर्षावात गेले होते. पाठ्यपुस्तकांत हा प्रयोग डीएनएच्या कथेची नांदी म्हणून येतो. त्यात ग्रिफिथ यांच्यावर थोडा अन्यायच होतो, कारण त्यांचा मूळ प्रश्न साथींचा अभ्यास करणाऱ्याचा होता: एकाच रोगजंतूची इतकी वेगवेगळी रूपं का, आणि ती पालटतात कशी?

१९५१ मध्ये व्हिक्टर फ्रीमन यांनी घटसर्पाच्या निरुपद्रवी जंतूंना जिवाणूभक्षक विषाणूची लागण होऊ दिली, आणि ते विष बनवू लागले. विषाचं जनुक मुळात जंतूचं नव्हतंच, ते विषाणूबरोबर आलं होतं. घटसर्पाचा जंतू आधी स्वतः बाधित होतो, मग आपल्याला बाधतो. पुढे जपानमध्ये हगवणीच्या जंतूंवर एकाच वेळी चार-चार औषधं चालेनाशी झाली. तिथल्या संशोधकांना १९५९ च्या सुमारास कळलं की हा प्रतिकार आतड्यातल्या ई. कोलाय या साध्या जिवाणूकडूनही हगवणीच्या जंतूकडे जाऊ शकतो. वाहक होते प्लास्मिड, म्हणजे गुणसूत्राबाहेर फिरणारी डीएनएची सुटी वर्तुळं.

कॉलऱ्याचं कोडं त्यानंतरही बरीच वर्षं अर्धंच सुटलेलं होतं. जिवाणू एक विष सोडतो आणि त्यामुळे आतड्यात पाणी झिरपतं, हे कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये सशांवरच्या प्रयोगांतून सिद्ध केलं होतं. या विषाची जनुकं एका तंतुमय विषाणूने आणून बसवली आहेत, हे वॉल्डर आणि मेकालानोस यांनी १९९६ मध्ये दाखवलं. हा विषाणू जिवाणूत शिरतो तो ज्या केसासारख्या तंतूला धरून, तोच तंतू जिवाणूला आतड्यात ठाण मांडायला लागतो. म्हणजे माणसाच्या पोटात तग धरण्याचं साधन हेच विषाणूला आत येण्याचं दार. आणि त्या तंतूची जनुकंही बाहेरून आलेल्या डीएनएच्या एका तुकड्यावर बसलेली. १९९२ मध्ये भारतात ओ-१३९ उगवला, तोही असाच: जुन्या ओ-१ ने आवरणाची जनुकं बदलून घेतली, आणि ओ-१ विरुद्ध कमावलेली प्रतिकारशक्ती त्याच्यापुढे अपुरी पडली.

पण सगळी घातकता उसनी असते असं मानणं चूक ठरेल. प्लेगचा जंतू काही हजार वर्षांपूर्वी पोटदुखी आणणाऱ्या एका जिवाणूपासून फुटून निघाला. त्याने प्लास्मिड कमावले, त्यांतल्या एका जनुकामुळे तो पिसवेच्या आतड्यात टिकू लागला. पण स्वतःचं एक विकर (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) बंदही पाडून घेतलं, कारण ते पिसवेला मारक होतं. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांत प्लेगच्या जंतूचा डीएनए मिळाला आहे, त्यात पिसवेत टिकू देणारं ते जनुक नाही. माणसं तेव्हाही प्लेगने मरत होती. पिसवांमार्फत पसरण्याची हातोटी नंतरची.

गमावण्याचं टोक कुष्ठरोगाच्या जंतूने गाठलं. २००१ मध्ये त्याचा जीनोम, म्हणजे सगळा जनुकसंच, वाचला गेला, तेव्हा कामाची जनुकं निघाली सुमारे १,६०० आणि मोडून निकामी झालेली १,१०० हून अधिक. त्याच्या नात्यातल्या क्षयाच्या जंतूकडे चार हजारांच्या आसपास जनुकं आहेत. माणसाच्या पेशींत आयतं मिळत गेलं, त्यामुळे ते स्वतः बनवण्याची जनुकं मोडली तरी त्याचं काही अडलं नाही. जंतू शरीराबाहेर शुद्ध स्वरूपात वाढवून दाखवावा, ही कॉखची प्रसिद्ध अट. नॉर्वेचे डॉक्टर हॅन्सन यांनी १८७३ मध्ये पाहिलेला हा कुष्ठरोगाचा जंतू मात्र प्रयोगशाळेत उंदराच्या तळपायात किंवा आर्माडिलोच्या अंगातच वाढवावा लागतो. काचपात्रात तो आजही वाढत नाही.